चाळिसावी बाग

"चाळीस बागा म्हणाला होतास. ह्या एकोणचाळीसच आहेत," ढोमणे सर सहदेवला म्हणाले.

सर कळवून आले नव्हते. सकाळच्या मोटारीनं अमरावतीहून थेट वरूडला उतरले आणि सहदेवच्या घरामागच्या बागेत, बाजेवर, प्रबंधाची वही मांडीवर उघडून बसले. माणूस भारी खडूस. एम.एस्सी.साठी आधी बारा गावांतल्या संत्र्याच्या बागा तपास म्हणाले होते. सहदेवनं हातापाया पडून बाराची तीन गावं करून घेतली, तिनाचं एक. एकच गाव, त्यातल्या चाळीस बागा, आणि शेंड्याकडून झाड वाळवत खाली येणारा तो हलकट रोग. आता आणखी सूट मागायला तोंड कुठं होतं?

"एक राह्यली, सर. लहानशीच हाये. तिच्यानं काई फरक नाही पडत."

"कोणाची?"

सर त्या चाळिसाव्या बागेतच बसले होते.

सरांनी मान वर करून झाडांकडे पाहिलं. विहिरीजवळच्या झाडांचे शेंडे तेवढे कोणीतरी अलीकडेच छाटले होते.

"पातूरला मागच्या महिन्यात हाच रोग निघाला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "इथून शंभर मैल. मधल्या कितीतरी गावांत त्याचं नाव नाही. वारा असा गावं गाळत जात नाही, सहदेव. कलमा जातात. त्या कुठून जातात, तिथं तुझा प्रबंध संपतो. त्याच्या अलीकडे मी तो संपवू देणार नाही."

सहदेवला ते दिवाळीपासून ठाऊक होतं. विहिरीजवळच्या ज्या झाडांच्या फांद्यांवरचे डोळे काढून बाप कलमा बांधायचा, त्यांचे वाळके शेंडे त्यानं स्वतः मोजले होते, आणि वही मिटून टाकली होती. बापाला वाटायचं, उन्हानं वाळले. तो छाटून मोकळा व्हायचा. आता हे लिहायचं म्हणजे बापाच्या तीस वर्षांच्या नावावर आपल्याच हातानं बोळा फिरवायचा. आणि नाही लिहायचं, तर कुंपणापाशी ओल्या गोणपाटात बांधून ठेवलेल्या कलमा उद्या ट्रकवर चढणार. कोणा भल्या माणसाच्या रानात लागणार. पाचसात वर्षांनी तोही असाच आभाळाकडे पाहत उभा राहणार.

तेवढ्यात बाप, शालिकराम, आलाच, कोपरापर्यंत चिखलाचे हात घेऊन.

"सायेब आले अन् बापाले हाक नाही मारत? बैताड कुठला! नमस्कार, सायेब. पोट्ट्यानं काई चुकवलं का?"

"चुकवलं नाही. थोडं राहिलंय," सर म्हणाले. "शालिकरामजी, ह्या गावातल्या बागांना कलमा कुठल्या?"

"बाबा, तुमी चहाचं पाहा न आधी," सहदेव घाईनं मधे पडला.

"थांब बे. सायेब मले इचारून राह्यले." शालिकरामनं छाती फुगवली. "कुठल्या म्हंजे? ह्या पंचक्रोशीत एक बाग दाखवा, जिच्यात माह्या हातची कलम नाही! ह्या विहिरीजवळच्या झाडाईच्याच साऱ्या. पातूरले गेल्या. उद्या दोन हजार चांदूर रेल्वे गावाले चालल्या. शालिकरामची कलम म्हटलं का इचारायचं काम नाही, सायेब!"

चोर सापडल्याचा आनंद सरांच्या तोंडावर नव्हता. त्यांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि तो सहदेवपुढे धरला.

"तू लिही. प्रबंध तुझा आहे." मग शालिकरामकडे वळून म्हणाले, "कोणाकोणाला दिल्या, आठवतं?"

"आठवते? तोंडपाठ हाये!"

शालिकराम भुईवर मांडी घालून बसला. तीस वर्षांत कोणा शिकल्यासवरल्या माणसानं त्याला हे विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते त्यानं दंडानं पुसलं आणि पोराला लिहायला सापडावं म्हणून एकेक नाव सावकाश सांगू लागला. "देवीदास. मंग खुशालराव. त्याच्या शेजारचे रामराव..."

पेन हलत नव्हता. शालिकरामनं वाकून वहीत पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कळत होतं.

"लिव न, लेका," तो मायेनं म्हणाला. "अन् साऱ्याईच्या वरतं माहं नाव टाक. पुरं टाक, माह्या बापाच्या नावासकट."