साखळी कुठे तुटते

घड्याळ चालूच राहिलं. वीस सेकंद झाले, पंचवीस झाले, तरी बाईंच्या हातापर्यंत निरोप काही आला नाही.

प्रयोग अगदी साधा होता. आठवीच्या तीस मुलींनी प्रयोगशाळेच्या भिंतीलगत एकमेकींचे हात धरून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. बाईंनी उजव्या हातातलं घड्याळ सुरू करून "चला" म्हटलं, की पहिलीने दुसरीचा हात दाबायचा, दुसरीने तिसरीचा. तिसावीने बाईंचा डावा हात दाबला, की बाई घड्याळ थांबवणार. पायात काटा रुतल्याचा निरोप मेंदूकडे असाच जातो, एका चेतापेशीकडून दुसरीकडे, मधली बारीकशी फट ओलांडत. हे सगळं त्यांनी आधी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तीस जणींना लागून लागून किती वेळ लागणार, दहा सेकंद?

"उघडा डोळे," बाई म्हणाल्या. "कुठे तुटली साखळी?"

बाईंनी डावीकडे पाहिलं. शेवटच्या जागेवर भिंगरी होती. तिला तिथे त्यांनीच उभं केलं होतं, नजरेखाली असावी म्हणून. पोरीचा पाय एका जागी ठरत नसे, त्यावरून हे नाव पडलेलं. मागच्याच आठवड्यात तिने प्लास्टिकच्या मेंदूतला लहान मेंदू काढून मैत्रिणीच्या डब्यात ठेवला होता. मुख्याध्यापिकांनी तेव्हा बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली की विज्ञान मंडळातून नाव कमी. भिंगरी एरवी कुणाला भीक घालत नसे, पण त्या मंडळात तिचा जीव अडकलेला होता.

"मी दाबला, बाई," ती म्हणाली.

"दाबलास, आणि मला कळलं नाही?"

"दोनदा दाबला."

बाई हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. पोरगी हात धरतच नाही, नुसता टेकवून उभी आहे, हे त्यांना मघापासून जाणवत होतं. "माझ्या हाताला काय काटे आहेत? नीट धरता येत नाही?"

भिंगरीने मान खाली घातली. तेही बाईंना साळसूदपणाचंच वाटलं.

हल्ली बाईंना सगळीकडेच पाणी मुरताना दिसायचं. सकाळी चहाचा कप हातातून निसटून फुटला, तर शिपाईमावशींनी तो साबणाचा तसाच दिला, असं त्यांनी चार जणांसमोर सुनावलं. सुनेने आणलेल्या स्वेटरची काजं मेली इतकी लहान, की बटण शिरता शिरेना. तेही तिने बघूनच आणलं असणार.

त्यांनी भिंगरीला उचलून मधे घातलं आणि तिच्या जागी वर्गाच्या मॉनिटरला आणलं. ही अक्षर मोत्यासारखं असलेली, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी मुलगी. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा "चला." पुन्हा घड्याळ पुढे पुढेच गेलं.

"दाबला, बाई," मॉनिटर चाचरत म्हणाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिलाही फितवलेली दिसते. अख्खा वर्ग सामील आहे, आणि सूत्रं कुणाच्या हातात आहेत ते वेगळं सांगायला नको. तक्रारीची वाक्यं त्यांनी मनातल्या मनात जुळवूनही टाकली. पण मुख्याध्यापिका पुरावा मागतील. चोर पकडायचा तर रंगेहाथ पकडायला हवा.

"भिंगरी, ये परत जागेवर. शेवटची संधी. सगळ्यांनी डोळे घट्ट मिटा. मी पण मिटतेय."

त्यांनी मिटले नाहीत.

"चला."

पहिलीचा खांदा किंचित हलला. मग दुसरीचं कोपर. बाई पापणी न लवता बघत राहिल्या. निरोप खिडकीपाशी आला, कपाटावरून वळला, बेसिनपाशी एक मुलगी जरा दचकली आणि तिने तो पुढे दिला. कुणी अडवला नाही, कुणी गिळला नाही. मॉनिटरकडून तो भिंगरीकडे आला. आता बघू, बाई मनात म्हणाल्या.

भिंगरीने ओठ आवळले. कपाळाला आठ्या पडल्या. तिने बाईंचा हात दाबला, मग आणखी जोर लावला, मग उरलेला दुसरा हातही मॉनिटरच्या हातातून सोडवून घेतला आणि दोन्ही हातांनी दाबला. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. बाईंच्या तळहाताच्या मागे तिची नखं रुतत गेली, आणि तिथे चार लाल चंद्रकोरी उमटताना बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. टेबलावर ठेवलेल्या कुणा दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसं त्या पाहत होत्या. नखं दिसत होती. लागत काहीच नव्हतं.

उजव्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

"आता तरी कळलं का, बाई?" भिंगरीने डोळे न उघडताच विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बाईंनी घड्याळ बंद केलं. मग तोच हात त्यांनी तिच्या आवळलेल्या मुठींवर ठेवला.

"कळलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "सोड आता. बोटं दुखतील तुझी."