बिनआवाजाचा कॅमेरा

प्रसेनजितने लग्नाच्या फोटोंसाठी छोटा मिररलेस कॅमेरा घेतला, तेव्हा बुलढाण्याचा दुकानदार म्हणाला होता, "मुठीत मावते, फोटो काढताना आवाज करत नाही, अन् चेहरा तर असा पकडते का विचारू नका. फक्त बॅटरी लवकर बसते."

पहिलीच ऑर्डर चुलतभाऊ रवीच्या लग्नाची. बौद्धपुऱ्यातून निघालेली वरात भरदुपारी चौकात आली आणि वीस-पंचवीस मर्द एका हळद लागलेल्या पोरावर तुटून पडले.

"घोड्यावर बसून आमच्या चौकातून जाऊन राह्यला काय बे? उतर खाली!" सरपंचाच्या पुतण्याने, बबलूने, पहिली काठी रवीच्या डोक्यात घातली.

व्हिडिओवाल्याचा मोठा कॅमेरा त्यांनी दगडाने ठेचला. प्रसेनजितच्या हातातला छोटा कॅमेरा पाहून एकजण हसला, "राहू दे त्याले, खेळणं हाय थे."

त्या खेळण्याने बॅटरी बसेपर्यंत गुपचूप फोटो काढले. शेवटच्या फोटोत उगारलेली काठी होती आणि पूर्ण चेहऱ्यानिशी बबलू.

रवी अजून बेशुद्ध आहे. पोलीस ठाण्यात साहेबांनी कॅमेऱ्यातलं कार्ड पुरावा म्हणून लगेच ठेवून घेतलं. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "फोटो फार धूसर आलेत रे. मारणारा ओळखूच येत नाही."



दुसऱ्या दिवशी चौकात बबलूभाऊंच्या वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स लागला. फोटो तोच होता, फक्त काठी कापलेली. पांढऱ्या शर्टावरचा रवीच्या रक्ताचा थेंब न् थेंब मोजता येत होता.