केवड्याचा रंग

"आमच्या घरात असा रंग कुनाचाच न्हाई, डॉक्टरसाहेब. निस्ता केवडा हाय, केवडा!"

वालूरहून नातीला लस टोचून घ्यायला आलेल्या चतुराबाईनं दीड महिन्याची पोर सेलूच्या डॉक्टरांपुढं ठेवली. सून मनकर्णा आपले काळे हात पदराखाली घेऊन मागं उभी होती.

डॉक्टरांनी पोरीचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. "शी कोणत्या रंगाची होते?"

"पांढरी, पिठावानी. दुपट्याला डाग म्हनून पडत न्हाई. लय सवच्छ लेकरू!"

डॉक्टर खाली बसले. "आजी, हा रंग नाही, कावीळ आहे. हिची पित्ताची नळी बंद आहे. पूर्वी अशी लेकरं वर्ष-दोन वर्षांत जायची. आता मुंबईच्या सरकारी दवाखान्यात याचं ऑपरेशन होतं, तेही फुकट. पण याच आठवड्यात निघावं लागेल. उशीर झाला तर उपयोग नाही."

मनकर्णा पुढं सरकली. "वाचंल का, सायेब?"

"वाचू शकते."

चतुराबाईनं विचारलं, "आन् रंग?"

धीर द्यायला डॉक्टर हसले. "पिवळेपणा सगळा जाईल. पोर आईवर गेलीय, अगदी आईसारखी दिसेल बघा."

चतुराबाईनं सुनेकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नातीला दुपट्यात गुंडाळून उचललं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. जगंल तितके दिस गोरी जगू द्या."