उतरून चाला

दुपारी दीड वाजता ती मुलगी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन चौकात आली, सिग्नलच्या खांबाला पाठ लावून बसली आणि मांडीवरच्या कागदावर रेघा ओढायला लागली.

समोरच भिवाचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे एक छत्री, पंप आणि पाण्याचं घमेलं. भिवानं हातातली ट्यूब पाण्यात बुडवली खरी, पण बुडबुडे कुठून येतात तिकडं त्याचं लक्षच नव्हतं. शेवटी कुबडी काखेत घालून तो तिच्याजवळ गेला. सायकल गेली की मुलगी एक रेघ ओढत होती.

“ताई, काय लिहायलात?”

“काही नाही काका, मोजतेय.” गळ्यातल्या कार्डावर साक्षी असं नाव होतं.

“कशासाठी?”

“ते सांगायची परवानगी नाही. सांगितलं की लोक वेगळं वागतात म्हणे.”

झालं. सरळ काम असतं तर सांगायला काय हरकत होती? दोन वर्षांपूर्वी असाच एकजण गुपचूप फोटो काढून गेला आणि आठव्या दिवशी अतिक्रमणाची गाडी येऊन भिवाचा पंप उचलून घेऊन गेली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच.

इथला सायकलींचा हिरवा पट्टा चौकाच्या चाळीस पावलं अलीकडं संपतो आणि चौक ओलांडला की परत सुरू होतो. मधे, जिथं चाकणकडं जाणारे ट्रेलर डावीकडं वळतात, तिथं ज्यानं त्यानं आपलं बघावं. तिथंच भिवाचा डावा पाय गेला. पट्टा चौकातून पलीकडं न्या, सायकलींना वेगळा सिग्नल द्या, असा अर्ज त्यानं केला होता. वर्ष झालं, उत्तर नाही. आणि आता हे मोजणं. म्हणजे पट्टा राहिला बाजूला, चौकातून सायकललाच बंदी घालणार. नडतं कोण, ट्रेलर का सायकल? सायकलच. मग तिलाच हटवा. कुठंतरी पाणी मुरतंय, याची भिवाला खात्रीच पटली.

आणि बंदी आली तर आम्रपालीनं काय करायचं? पोरगी पंधरा दिवसांपूर्वी भोसरीला कंपनीत लागलेली. सेकंड शिफ्ट. संत तुकाराम नगरहून रोज याच चौकातून सायकलवर जायची. तिच्या कंपनीकडं बस वळतसुद्धा नाही.

भिवा हिरवा पट्टा संपतो तिथं जाऊन उभा राहिला. शिफ्टची गर्दी सुरू होत होती.

“भाऊ, उतरा. उतरून चाला.”

“का रे भिवा?”

“सायकली मोजायल्यात. बंद करणारेत. चालणाऱ्याला काय करतील?”

त्या लोकांना एवढं बास होतं. कंपनीत कुणी वही-घड्याळ घेऊन मशीनमागं उभं राहिलं की पुढच्या महिन्यात दोन माणसं कमी होतात, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. एकानं दुसऱ्याला सांगितलं. बघता बघता शे-दीडशे माणसं सायकली हातात धरून झेब्रा पट्ट्यांवरून शिस्तीत पलीकडं गेली. साक्षीनं एकदा मान वर करून पाहिलं, जरा गोंधळली आणि परत लिहायला लागली. भिवाला मजा वाटली. तंगडी गेली म्हणून काय, डोकं शाबूत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्रपाली आली.

“पप्पा, उशीर होईल मला.”

“उतर म्हणतो ना. नंतर सांगतो.”

ती उतरली आणि तोंड वाकडं करून चालत गेली.

साडेतीनला साक्षी स्टूल उचलून दुकानाशी पाणी मागायला आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “आता सांगायला हरकत नाही काका, माझं काम संपलं. पट्टा चौकातून न्यायचा का आणि वेगळा सिग्नल बसवायचा का, त्यासाठी मोजायचं होतं. दोन तासांत शंभर सायकली भरल्या असत्या तरी झालं असतं.”

“किती भरल्या?”

तिनं कागद पुढं केला. सायकलीच्या रकान्यात सात रेघा होत्या. सहा भिवा पट्ट्याशी जाऊन उभा राहायच्या आधीच्या, आणि एक कुणी हेल्मेटवाला साहेब होता, जो सांगूनही उतरला नव्हता. शेजारचा रकाना मात्र रेघांनी काळा झाला होता.

“आणि हे कोण?”

“पादचारी. उतरून चालला तो पादचारी, असंच शिकवलंय आम्हाला.”

“ताई, ती सगळी सायकलवालीच होती. मीच उतरवलं त्यांना. खोडा ते. मी सही देतो.”

“फोटो काढून पाठवला काका. गेला वर.” तिला खरंच वाईट वाटलं. “असं का केलंत तुम्ही? कुणा बिचाऱ्याच्या अर्जावरून हे सगळं चाललं होतं.”

कागदाच्या कोपऱ्यात अर्जदाराचं नाव छापलेलं होतं. भिवाचंच. मग कागद परत देऊन त्यानं तिच्या बाटलीत पाणी भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी खांबापाशी कुणी नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्रपाली आली, पट्टा संपला तिथं आपणहून उतरली आणि चालत दुकानापाशी येऊन म्हणाली,

“पप्पा, आजपण मोजतायत?”

“न्हाई,” भिवा म्हणाला. “आता कुणी मोजत न्हाई.”

“मग बसून जाऊ?”

चौकात एक ट्रेलर डावीकडं वळत होता. तो पुरता वळेपर्यंत भिवानं त्याच्या मागच्या चाकांवरची नजर काढली नाही.

“नको,” तो म्हणाला. “उतरूनच चाल.”