कराड शाखेची घसरण

"नारायणगावच्या रश्श्याला तवंग येत नाही म्हणे. मसाला परतायचा धीर कुठाय त्या मेलीला?" पडद्यावरून चिपळूणची शाखा पुटपुटली.

कुमुदताईंना हसू आलं. कुरकुरणाऱ्याही त्याच होत्या, आणि जिच्या नावाने कुरकुर चालली होती तीही त्याच. त्या पन्नाशीत असताना त्यांच्या मनाची नक्कल उतरवून नरेंद्रने, त्यांच्या मुलाने, मिसळीच्या प्रत्येक नव्या शाखेत एकेक कुमुदताई बसवली होती. ती यंत्राच्या हातांकडून रांधून घ्यायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. कराडच्या मूळ दुकानात मात्र खऱ्या कुमुदताईच पातेल्यापाशी उभ्या राहायच्या.

आज तिमाहीची बैठक होती. पडद्यावर शाखाशाखांच्या नफ्याचे खांब उभे होते. कराडचा सगळ्यांत बुटका, मागच्या खेपेपेक्षाही खुजा.

"समोर रस्ता खणलाय ना," नरेंद्र म्हणाला.

"शिवाय परीक्षांचे दिवस," सूनबाईंनी जोड दिली.

"दोन वर्षं परीक्षाच चालल्यात का गं?" कुमुदताई म्हणाल्या. "माझं दुकान बंद करायचंय का? सरळ बोला."

नरेंद्र नुसताच चहा ढवळत राहिला. पडद्यावरच्या साऱ्या कुमुदताई एकमेकींना 'तू सांग, तू सांग' म्हणू लागल्या.

शेवटी चिपळूणची हळूच म्हणाली, "अगं, यांची जीभ रेटायची नाही. मीच सांगते. कराडच्या तक्रारी आम्ही सगळ्या वाचतो. तू रश्श्यात दोनदा मीठ घालतेस. परवा रोज येणाऱ्या पाटणकरांना नाव विचारलंस. बाई, तू विसरायला लागलीयस."