चारचा अंदाज

आईला घरी न्यायला सकाळी दहाला येतो म्हणालेला धाकटा मुलगा वॉर्डात पोचला, तेव्हा चार वाजत आले होते. मीटिंग लांबली, मग टायर पंक्चर झाला, अशी थापांची पुरचुंडी त्याने लिफ्टमध्येच बांधून ठेवली होती. पण ती सोडायची वेळच आली नाही. काउंटरवर कागद तयार, गोळ्यांची पिशवी तयार आणि आईच्या कॉटवर येणाऱ्या पुढच्या पेशंटला साडेचारची वेळसुद्धा देऊन झालेली.

"मी आत्ता येणार हे तुम्हाला कसं कळलं?" त्याने सिस्टरला विचारलं.

"कुठली कॉट कधी रिकामी होईल, ते कॉम्प्युटर सांगतो. आईंना याआधी दोनदा नेलंत ना तुम्ही, त्यावरून त्याने सकाळीच चारचा अंदाज दिला. म्हणून दुपारचं जेवणही मागवून ठेवलं त्यांचं."

धाकटा ओशाळून हसला. चला, आपल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, म्हणून त्याला जरा हलकं वाटलं.

आत आई पायात चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून बसल्या बसल्या पेंगत होती. शेजारी ताट झाकलेलं तसंच होतं.

"सकाळपासून अशाच बसल्यात," सिस्टर हळूच म्हणाली. "मुलगा चारला येईल, तोवर आडव्या व्हा, असं मी सांगितलं होतं त्यांना."

"मग?"



"म्हणाल्या, दहा म्हणालाय ना, मग दहालाच येईल. पोरगा माझ्या पोटचा आहे, त्या मशीनच्या नाही."