दिवेलागणीचं मौन

"काकू, ह्यांचा आवाज चढला की नुसतं दार वाजवा. परकं माणूस दिसलं की आवरतात ते."

शेजारच्या ललितानं एवढंच मागितलं होतं. मी हो म्हटलं. पण माझं चातुर्मासातलं मौन दिवेलागणीला सुरू व्हायचं, आणि तिच्या नवऱ्याचा पट्टाही तेव्हाच निघायचा. भिंतीपलीकडून ती ओरडायची आणि मी डोळे मिटून माळ ओढत राहायची. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? दार वाजवायला बोलावं लागत नाही, एवढंही मला सुचलं नाही.

मग एके दिवशी तिनं आमटीत विष कालवलं. नवरा गेला, सासूही गेली. पोलिसांना मी म्हटलं, "आमचं जपाचं घर. आम्हाला काही ऐकू येत नाही." ललिताला फाशीची शिक्षा झाली.

परवा तिच्या वकीलबाई आल्या. नागपूरला अपील आहे. म्हणाल्या, "तिला मारहाण व्हायची, हे सांगायला एकही माणूस नाही हो."

"मी येते सोमवारी," मी म्हटलं. "लिहून देते सगळं."

त्या गेल्यावर हे चिडले. "आता? लोक विचारतील, इतकी वर्षं काय करत होतीस?"

"विचारू देत. जप करत होते म्हणेन."

आज सोमवार, त्यात एकादशी. पूजा सुनेवर सोपवली. "निर्जळी उपासात उन्हाची कुठं निघालीस?" ह्यांनी हळूच विचारलं.

"आज पाणी घेणार आहे," म्हटलं, बाटली भरली आणि नागपूरच्या एसटीसाठी निघाले.